महालक्ष्मी सरस : माल उत्तम, पण दुसरे पुडके कुठे मिळणार?

वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीएच्या मैदानावर हिवाळ्यात भरणाऱ्या, महिला बचत गटांचा माल विकणाऱ्या महालक्ष्मी सरसला सरकारी कागदपत्रांत प्रदर्शन म्हणतात. मुंबईकर मात्र तिथे कुरडया, काळा मसाला, हातसडीचा तांदूळ आणि खिशाला परवडले तर एखादी घोंगडी विकत घ्यायला जातो, आणि जाता-येता पोटभर जेवून येतो. म्हणून या लेखात सरसकडे एक बाजार म्हणूनच पाहिले आहे. महिला बचत गटांविषयी लिहायला बसले की बहुतेकांची लेखणी पहिल्याच परिच्छेदात सक्षमीकरणाकडे वळते आणि मालाची चव, वजन, दर, बांधणी या गोष्टी राहून जातात. जिने पहाटे उठून डाळ वाटली तिच्या मालाविषयी चार खडे शब्दही बोलायचे नाहीत, यात तिचा मान राखला जातो असे मला वाटत नाही.

सरसचे आयोजन ‘उमेद’, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, करते. हे अभियान राज्यात २०११ साली सुरू झाले. अलीकडच्या वर्षांत इथल्या दालनांची संख्या चारशेच्या पुढे गेली असून राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांबरोबर परराज्यांतील गटही येतात. दालनात साधारणपणे गटातील दोघीजणी बसतात. गट दहा ते वीस जणींचा असतो आणि तो पंचसूत्रीवर चालतो : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या. या पाच सूत्रांत विक्रीचा शब्दही नाही, ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवावी. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणीचा, म्हणजे गटांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा, प्रयोग सुरू केला तेव्हा सावकाराच्या दारात जाणे टळावे हा मुख्य हेतू होता. आजही गटातून उचललेले कर्ज बियाण्याला, मुलांच्या फीला, आजारपणाला आणि शेळीला जाते. उद्योग त्यातल्या एखाद-दुसरीच्या हातून उभा राहतो आणि बाकीच्या जणी हंगामात मदतीला येतात. म्हणजे दालनावर नाव गटाचे असले तरी पुडक्यातला हात बहुधा एका घराचा असतो. यात लबाडी काही नाही, पण मालाची चव का बदलते आणि पुरवठा का तुटतो याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आधी जेवणाविषयी सांगते, कारण सरसचा सर्वांत भक्कम भाग तोच आहे. खानदेशी दालनापुढची रांग दिसली की तिथे मांडे चालले आहेत हे ओळखावे. सैलसर, चांगली तिंबलेली कणीक, तिच्यात तितकेच पुरण, आणि मग तो उंडा दोन्ही हातांवर, पुढे कोपरापर्यंत झेलत झेलत ताणला जातो. खालचा हात आरपार दिसावा इतका मांडा पातळ होतो, आणि एका झटक्यात पालथ्या खापरावर जाऊन बसतो. मांडा फाटला तर पुरण खापरावर सांडते आणि करपते, त्यामुळे करणारी बाई त्या काही क्षणांत कोणाशी बोलत नाही. पैसे घेणे, सुटे देणे, ‘किती वेळ लागेल’ याला उत्तर देणे हे सगळे तिची जोडीदारीण सांभाळते. गरम मांड्यावर तूप आणि सोबत कटाची रशी असा बेत असेल तर दोघांत एक पुरतो. गर्दी वाढली की मांडे आधी करून रचून ठेवले जातात, आणि रचलेला मांडा चामट होतो. त्यामुळे दुपारी उशिरा, जेवणाची पहिली लाट ओसरल्यावर जावे.

खानदेशच्याच भरिताची गोष्ट थोडी निराळी आहे. जळगावकडची हिरवी, बिया कमी असलेली वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजली तरच भरिताला तो धूर लागतो. शहरातल्या मैदानावर गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या भरितात कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप सगळे जिथल्या तिथे असते, धुराची जागा तेवढी रिकामी राहते. तरी कळण्याच्या भाकरीबरोबर ते खावे. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या त्या भाकरीचा खरबरीतपणा शहरातल्या हॉटेलात मिळत नाही. कोकणातील गटांचे कोंबडी-वडे, विदर्भाची पाटवडी आणि रस्सा, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा ही मंडळी आपापल्या कीर्तीला जागतात. सगळीच दालने मात्र या पातळीची नसतात. एका ठिकाणी मला ‘गावरान झुणका’ म्हणून जे मिळाले त्यात बेसन कच्चे होते आणि भाकरी थंड. तिथेच मंचुरियन आणि फ्रँकीही विकायला होती, यावरून अंदाज करायला हवा होता. सरसमध्ये जेवताना माझा नियम साधा आहे : ज्या दालनात तीन-चारच पदार्थ आहेत तिथे बसावे, लांबलचक यादी दिसली की पुढे चालावे.

कोरड्या मालात सोलापूरच्या शेंगदाणा चटणीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण बचत गटाचा माल दुकानातल्या मालाहून सरस कशामुळे ठरतो ते या एका पदार्थात स्वच्छ दिसते. उखळात कांडलेल्या चटणीत दाण्याचे तेल सुटते. चिमूट दाबली तर ती बोटांना धरून राहते आणि बोटे तेलकट होतात. मिक्सरमध्ये फिरवलेली चटणी भुरभुरीत राहते, तिखट-मीठ वेगळे लागते आणि लसणाचा वास दुसऱ्या दिवशी उडतो. दालनावर चव घ्यायला चटणी पुढे केली जाते तेव्हा ती नुसती जिभेवर न टाकता आधी दाबून पाहावी. कांडणाऱ्या बाईला हा प्रश्न आवडतो. सोलापूरकडच्या एका मावशींनी मला लगेच आपले तळहात उघडून दाखवले आणि म्हणाल्या, “हे बघा ताई, मुसळाचे घट्टे. मिशनवर केली असती तर हात असे झाले असते का?” त्यांची चटणी घरी आणल्यावर महिनाभर तशीच राहिली. त्याच फेरीत दुसऱ्या एका गटाकडून घेतलेली, दिसायला अधिक लालभडक असलेली चटणी मात्र डबा उघडताच खवट निघाली. पिशवीवर ती केव्हा केली याची तारीख नव्हती.

तांदूळ, डाळी आणि ज्वारी हा सरसचा असा कोपरा आहे की जिथे गर्दी कमी असते आणि घेण्यासारखे सर्वाधिक असते. आजऱ्याचा घनसाळ, मुळशी-मावळचा आंबेमोहोर, वाड्याचा कोलम, मंगळवेढ्याची मालदांडी, नवापूरची तूरडाळ, वायगावची हळद, भिवापूरची मिरची या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यामुळे हल्ली त्या भागांतील जवळजवळ प्रत्येक पिशवीवर ‘जीआय’ ही अक्षरे छापलेली दिसतात. ते चिन्ह वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. केवळ त्या तालुक्यात राहतो म्हणून चिन्ह लावता येत नाही. विचारल्यावर काही गट नोंदणीचा कागद काढून दाखवतात, काही जणी “आमच्याकडचाच आहे की तांदूळ” असे म्हणून थांबतात. दोघींचाही तांदूळ अस्सल असू शकतो, पण किलोमागे जादा पैसे कागद दाखवणारीलाच द्यावेत असे माझे मत आहे. हातसडीचा तांदूळ घेताना हात आखडता ठेवावा. कोंडा शिल्लक असल्यामुळे तो लवकर खवट होतो आणि त्याला पोरकिडे लवकर लागतात; दोन महिन्यांत संपेल एवढाच न्यावा, विकणारी बाई दहा किलोची पिशवी पुढे करत असली तरी.

आता पापड. बचत गट म्हटले की पापड-लोणचे हे समीकरण इतके घट्ट झाले आहे की त्यावर विनोदही होतात. तरीही पापडाइतकी गटाच्या व्यवसायाची परीक्षा घेणारी दुसरी वस्तू नाही. सरसमधला उडदाचा पापड चवीला दुकानातल्या पापडापेक्षा मला नेहमीच उजवा वाटला आहे, कारण हिंग-मिऱ्यांत काटकसर नसते आणि लाटणारणीला पातळपणाचा अभिमान असतो. अडचण दुसऱ्या पुडक्यात येते. एकाच दालनातून घेतलेल्या दोन पुडक्यांपैकी एकात पापडखार जास्त, दुसऱ्यात मीठ बेताचे, एकातला पापड तळल्यावर फुलतो, दुसऱ्यातला तांबूस होऊन आक्रसतो. दहाजणींनी दहा घरांत आपापल्या अंदाजाने पीठ मळले तर दुसरे काय होणार?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच, गिरगावात, कधीच सापडलेले आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतची गोष्ट आपल्याकडे जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात शिकण्यासारखी बाब जिद्दीइतकीच व्यवस्थेची आहे : पीठ केंद्रावर एकत्र मळले जाते, बहिणी सकाळी ते मोजून घरी नेतात, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणतात आणि तिथे पापड तपासून मगच घेतला जातो. लाटणे घरोघरी, मळणे एका ठिकाणी, एवढ्या एका विभागणीने हजारो हातांचा पापड एका चवीचा राहिला. सरसमधील जे गट या दिशेने गेले आहेत, म्हणजे गावातल्या गटांच्या एकत्रित ग्रामसंघाच्या खोलीत मसाला एकत्र तोलतात आणि मग वाटून देतात, त्यांचा माल हाताला आणि जिभेला लगेच वेगळा जाणवतो. अशा एका दालनावर मी मुद्दाम वेगवेगळ्या थप्प्यांतून पुडकी घेतली होती. तळल्यावर एकही पापड दुसऱ्यापासून ओळखू येईना.

दरांबद्दल ग्राहकांची तक्रार नेहमीची आहे : “गावचा माल असून एवढा महाग?” माझी तक्रार उलट आहे. अनेक दालनांवर माल नको इतका स्वस्त असतो, आणि तो का स्वस्त आहे हे विचारल्यावर वही पुढे येते. मराठवाड्यातील एका गटाच्या ताईंनी नाचणी-उडदाच्या पापडांचा हिशेब मला फार नेटका दाखवला. धान्याचा भाव, दळणाचे पैसे, पापडखार, हिंग, तेल, पिशवी, चिकटपट्टी, अगदी एसटीच्या भाड्यातला वाटा, सगळे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले होते, आणि त्यावर पुडक्यामागे थोडा नफा धरून दर काढला होता. मजुरीचा रकाना तेवढा नव्हता. तो का नाही, असे विचारले तेव्हा त्या हसल्या. “ताई, घरच्या हाताचे कुठं पैसे लावायचे? दुपारचं बसूनच असतो की आम्ही.” दुपारी बसून असण्यात उन्हात खाटा मांडणे, पाखरे हाकणे, पापड उलटवणे आणि संध्याकाळी गोळा करणे हे सगळे आले होते.

या हिशेबाचा परिणाम भावनेपुरता राहत नाही. सरसमध्ये दालनाचे भाडे गटाला भरावे लागत नाही, दुकानदाराचे कमिशन नाही, आणि मजुरी तर धरलेलीच नाही. तरीही हाती चार पैसे राहतात, म्हणून धंदा फायद्यात आहे असे वाटते. तोच पापड जेव्हा एखादा शहरी दुकानदार मागतो आणि दराच्या पाव-तिसऱ्या हिश्शाइतके कमिशन सांगतो, तेव्हा गटापुढे दोनच मार्ग उरतात : दर एकदम वाढवून जुने गिऱ्हाईक गमवायचे किंवा तोट्यात माल द्यायचा. मागणी वाढली आणि शेजारच्या गावातून मजुरीने बायका लावाव्या लागल्या, तरी हाच पेच येतो. सरसमधले यश पुढच्या वाढीला आड येते ते असे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांना केंद्राच्या २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रत्येक सदस्येमागे चाळीस हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळण्याची सोय आहे. खेळत्या भांडवलाची आणि लहानसहान अवजारांची नड त्यातून भागते, पण वहीत जो रकाना आखलेलाच नाही त्याची भरपाई कोणतीही योजना करू शकत नाही. ग्राहकाने घासाघीस करू नये असे मी म्हणणार नाही, बाजार आहे तो. पण ज्या हाताने मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट पैसे दिले जातात, त्याच हाताने इथे दहा रुपये सोडवून घेण्यात कसले शौर्य आहे ते मला समजलेले नाही.

हस्तकलेच्या रांगांवरून मी थोडक्यात जाते, कारण तिथे खरे आणि खोटे शेजारी-शेजारी बसते. वारली चित्रे, घोंगड्या, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, बंजारा भरतकाम, बांबूच्या वस्तू या घेण्यासारख्या आहेत. पैठणी घेताना पदर उलटून पाहावा. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची समजावी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानच्या व्यासपीठावर आणल्यानंतर तिच्यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. पण ती चप्पल शिवणाऱ्या घरातली बाई तुमच्यासमोर बसून पायाच्या मापाची चौकशी करते, तो अनुभव सरसमध्येच मिळतो. नकली दागिन्यांच्या दालनांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. त्यातले बरेच दागिने मुंबईच्याच घाऊक बाजारातून उचललेले असतात, हे गिऱ्हाइकालाही कळते. गटाने खरेदी-विक्री करू नये असे नाही, तोही व्यवसायच आहे. पण इथे येणारा माणूस गावात घडलेल्या वस्तूसाठी येतो, आणि अशी दालने वाढली की खऱ्या कारागिरणीच्या दालनाकडेही तो संशयाने पाहू लागतो.

पैसे देताना फोनच्या पडद्यावर कोणाचे नाव उमटते, याकडे मी अलीकडे लक्ष देऊ लागले आहे. दालनावर गटाचे नाव, समोर दोन ताई, आणि क्यूआर कोड टिपला की नाव येते एखाद्या पुरुषाचे. विचारले तर मुलाचे किंवा मालकांचे असते. प्रत्येक वेळी त्यात काही काळेबेरे असते असे नाही. गटाचे बँक खाते अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघी-तिघींच्या सह्यांनी चालते, आणि अशा संयुक्त खात्यावर एका फोनवरून लगेच पैसे घेण्याची सोय सहज होत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी घरातल्या ज्याच्याकडे कोड असेल त्याचा उतरवून आणला जातो. परंतु विक्रीची नोंद त्यामुळे गटाच्या खात्यात दिसत नाही, आणि उद्या त्या बाईला मोठे कर्ज मागायचे झाले तर बँकेला दाखवायला तिच्या उलाढालीचा पुरावा राहत नाही. काही जणींनी स्वतःच्या नावाचे खाते उघडून कोड घेतला आहे, त्या तो अभिमानाने पुढे करतात. ज्यांनी घेतलेला नाही त्यांना मी रोख देते.

वेष्टनाविषयी परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. दाभणाने टोचून मेणबत्तीवर चिकटवलेल्या पिशव्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. उभ्या राहणाऱ्या झिप पिशव्या, रंगीत लेबल, गटाच्या नावाचे बोधचिन्ह हे सगळे आता सर्रास असते. रंगीत लेबलावर मात्र कधी कधी शेताचे मोठे छायाचित्र असते आणि कामाची माहिती नसते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि वापराची शेवटची तारीख, हिरवी शाकाहारी खूण, करणाऱ्याचा पत्ता आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक असायला हवा. यातला क्रमांक आता बहुतेकांकडे दिसतो, तारीख दिसत नाही, किंवा तारखेची चौकट छापलेली असते आणि ती कोरी असते. शिक्का मारायला कोणी बसले नाही, एवढेच त्याचे कारण. शहरातल्या दुकानाने माल नाकारायला तेवढे कारण पुरेसे होते.

आणि मग येतो तो प्रश्न, जो या लेखाच्या मथळ्यात आहे. सरसमधून आणलेला मसाला दोन महिन्यांत संपतो. तो पुन्हा कुठून आणायचा? उमेदचे स्वतःचे ‘उमेद मार्ट’ हे ऑनलाइन दुकान आता आहे, काही गटांचा माल मोठ्या संकेतस्थळांवरही दिसतो, आणि ज्यांचे नाव तिथे सापडते त्यांच्याकडून घेणे सोयीचे. पण आपल्याला आवडलेला नेमका तोच गट तिथे असेलच असे नाही, आणि अशा वेळी लेबलवरचा फोन क्रमांक हाच एक दुवा उरतो. माझ्या अनुभवात हे क्रमांक तीन तऱ्हांचे असतात. काही लागतच नाहीत. काही घरातला मुलगा उचलतो आणि “आई शेतात आहे, संध्याकाळी करा” असे सांगतो. आणि काही क्रमांकांवर दुसऱ्या मिनिटाला व्हॉट्सॲपवर दरपत्रक येते, कुरिअरचा खर्च कळतो, किमान किती किलो घेतले तर परवडेल ते सांगितले जाते आणि पार्सल बांधल्याचे छायाचित्र येते. तिसऱ्या तऱ्हेचे गट थोडे आहेत. त्यांच्यात समान गोष्ट अशी दिसली की फोन सांभाळणे हे गटातल्या एकीचे ठरलेले काम असते आणि त्या कामाचे तिला पैसे मिळतात. नाशिक जिल्ह्यातल्या अशा एका गटाकडून माझ्याकडे आता नागलीचे पीठ नियमित येते. एका खेपेला पीठ जाडसर आले तेव्हा नुसते कळवले, तर पुढच्या पार्सलमध्ये बदली पुडा आला आणि गिरणीचा दगड टाकवून घेतल्याचा निरोपही.

कमी पडणारी बाजू प्रशिक्षणाचीही आहे. गटांना वही लिहायला शिकवणाऱ्या, बँकेत सोबत जाणाऱ्या, शेळ्यांना लस टोचणाऱ्या सख्या गावोगाव तयार झाल्या. बँक सखी, कृषी सखी, पशु सखी ही नावे आता गावात रुळली आहेत. विक्री झाल्यानंतरचे गिऱ्हाईक सांभाळणे हे त्याच तोडीचे काम आहे, आणि त्याला अजून तितकी मनुष्यबळाची तजवीज मिळालेली दिसत नाही. दालनावर बसलेल्या ताई मालाविषयी विचाराल ते सांगतात, पण “तुमचा नंबर द्या, पुन्हा लागेल” असे त्या आपणहून म्हणत नाहीत. वही पुढे करून गिऱ्हाइकाचाच नंबर लिहून घेणाऱ्या तर फारच थोड्या. चारशे दालनांसमोरून रोज हजारो माणसे जातात आणि संध्याकाळी गटाकडे गल्ला उरतो, गिऱ्हाइकांची यादी उरत नाही.

जाणाऱ्यांसाठी शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. शनिवार-रविवार टाळावा. कापडी पिशव्या न्याव्यात, लोणच्यासाठी डबा न्यावा. सरस हिवाळ्यात भरते आणि गावच्या स्वयंपाकघराचे वेळापत्रक निराळे असते, हे लक्षात घेऊन खरेदी ठरवावी. त्या दिवसांत नवा तांदूळ आलेला असतो, गुऱ्हाळे चालू असल्यामुळे गूळ नवा असतो, तूर येऊ लागलेली असते, तीळ आणि बाजरी ताजी असते. या वस्तू डोळे मिटून घ्याव्यात. पापड, कुरडया, बिबड्या, सांडगे हे सगळे वाळवण मात्र चैत्र-वैशाखाच्या उन्हातले, म्हणजे आठ-दहा महिने डब्यात राहिलेले असते. वास घेऊन, एखादे मोडून पाहून घ्यावे, आणि घेतलेच तर थोडे. आमसुलेही मागच्या उन्हाळ्यातली असतात, दाबल्यावर लवचिक आणि ओलसर लागली तर चांगली, कडक झालेली घेऊ नयेत. मसाल्याची नवी मिरची त्या सुमारास नुकतीच बाजारात येत असते, म्हणून मसाला कोणत्या मिरचीचा आणि केव्हा कुटला हे विचारून घ्यावे. ज्या गटाचा पापड किंवा मसाला मनापासून आवडला असेल त्याच्याकडे सरसमध्ये एकच पुडके घ्यावे, नंबर घ्यावा, आपलाही त्यांच्या वहीत लिहून द्यावा, आणि मोठी मागणी मार्चअखेरीस, धान्य भिजायच्या आत, थोडी उचल देऊन नोंदवावी. बांधलेले गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पीठ किती मळायचे याचा अंदाज त्यांना आधी येतो, आणि आपल्याला त्या वर्षाच्या उन्हातला पापड जूनपर्यंत घरी मिळतो.